विजयदुर्गावरची दोन मिनिटे

देवगड तालुक्यात, वाघोटण खाडी समुद्राला मिळते तिथे विजयदुर्ग उभा आहे. तिहेरी तटबंदी, बुरुजांची रांग, खाली खडकांवर आपटणारे पाणी. किल्ल्यात काही दगडी चौथरे आहेत. गावकरी त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. सर नॉर्मन लॉकयर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने या कट्ट्यांवर दुर्बीण मांडली, १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि सूर्यावरचा हेलियम वायू शोधला, अशी कथा इथे सांगितली जाते. गेली काही वर्षे १८ ऑगस्ट हा दिवस विजयदुर्गावर हेलियम दिवस म्हणून साजराही होतो.

या कथेतला माणूस खरा आहे, किल्ला खरा आहे, कट्टे खरे आहेत. तारीख तेवढी जुळत नाही. १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकयर भारतात नव्हते. ते लंडनमध्ये, युद्ध खात्याच्या कचेरीत कारकुनी करत होते. त्यांना ‘सर’ ही पदवीही मिळायची होती. ती १८९७ साली मिळाली. आणि त्यानंतर लगेच, २२ जानेवारी १८९८ रोजी, एकसष्ट वर्षांचे सर नॉर्मन खरोखरच विजयदुर्गावर होते. त्या दिवशीही खग्रास ग्रहण होते. लोकांच्या आठवणीत तीस वर्षांच्या अंतराची दोन ग्रहणे एक झाली आहेत.

तारीख दुरुस्त केल्याने किल्ल्याचा मान कमी होईल, असे कोणाला वाटू नये. १८९८ पर्यंत हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. लॉकयर विजयदुर्गाला आले ते त्याहून मोठ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला: पदार्थाला उष्णता देतच राहिले, तर शेवटी त्याचे काय होते?

हा प्रश्न नीट कळण्यासाठी आधी १८६८ च्या श्रावणात जावे लागते. त्या अमावास्येच्या ग्रहणाचा खग्रास पट्टा अरबी समुद्रावरून कोकणात शिरला आणि घाट ओलांडून जमखंडी, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असा पूर्वेकडे गेला. कोकणात श्रावणातल्या सूर्याचा भरवसा कोण देणार? वेधकऱ्यांनी घाटापलीकडची, कमी पावसाची ठिकाणे निवडली. त्यातले जमखंडी हे पटवर्धनांचे संस्थान. आज ते कर्नाटकात आहे, तेव्हा तिथला दरबार मराठी होता. लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी आपली उपकरणे तिथे मांडली. विख्यात ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांचे हे चिरंजीव. विजापुरात कॅप्टन हेग होते, गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेले पिएर जान्सेन, मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन.

या सगळ्यांकडे एक नवे हत्यार होते, वर्णपटदर्शक. १८५९-६० मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला किरखोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले होते की तापलेला पदार्थ आपल्या प्रकाशातून स्वतःची ओळख सांगतो. पेटत्या चुलीत चिमूटभर मीठ टाकले की ज्वाला पिवळी होते. हा पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. लोलकातून पाहिले तर तो दोन अगदी जवळजवळच्या रेघांत फुटलेला दिसतो. सोडियम पृथ्वीवर असो की सूर्यावर, त्या रेघा तिथेच पडतात. लोहाच्या वेगळ्या, हायड्रोजनच्या वेगळ्या.

यात पदार्थाच्या अवस्थेचा भाग फार मोठा आहे. तापून पांढरी झालेली लोखंडाची सळई सलग सप्तरंगी पट्टा देते. वितळलेले लोखंडही तसाच पट्टा देते. घन आणि द्रव पदार्थांत अणू एकमेकांना इतके चिकटून असतात की प्रत्येकाचा आपला असा सूर राहत नाही. त्याच लोखंडाची वाफ करून ती विरळ केली की सलग पट्टा नाहीसा होतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर सुट्या चमकत्या रेघा उरतात. वायूलाही पुरेसे दाबले, त्याची घनता वाढवली, तर रेघा रुंद होत होत एकमेकींत मिसळतात. म्हणजे वर्णपटावरून पदार्थ कोणता हे तर कळतेच, शिवाय तो दाट आहे की विरळ, याचाही अंदाज बांधता येतो.

ग्रहणात चंद्रबिंबाच्या कडेला दिसणाऱ्या लालसर सौरज्वाला कशाच्या बनल्या आहेत, हा १८६८ सालचा प्रश्न होता. ढगांसारखे काही घन कण, की वायू? रेघा दिसल्या तर वायू, सलग पट्टा दिसला तर घन किंवा द्रव. एवढे सरळ होते ते.

जमखंडीत त्या सकाळी ढग होते. खग्रास अवस्था पाच मिनिटांहून थोडी जास्त होती, पण तिचा बराचसा वेळ ढगांनी खाल्ला. मधे फट पडली तेव्हा हर्शेल यांनी उपकरणाची चीर एका ज्वालेवर आणली. त्यांना तीन चमकत्या रेघा दिसल्या: एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. सौरज्वाला वायूच्या आहेत, हे एका मराठी संस्थानाच्या माळावर ढगांच्या फटीतून ठरले. गुंटूरला आकाश बरे होते आणि तिथेही हेच दिसले. जान्सेन यांना त्या रेघा इतक्या ठळक दिसल्या की ग्रहणाशिवायही त्या पाहता येतील असे त्यांच्या मनाने घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्य पूर्ण तळपत असताना, त्यांनी त्या पाहिल्यासुद्धा.

ती नारिंगी-पिवळी रेघ सोडियमची असावी, असे बहुतेकांनी मानले. रेघ सोडियमच्या जागेजवळच होती आणि हातातल्या उपकरणांनी तेवढ्या घाईत तिची जागा काटेकोर मोजणे अवघड होते. मच्छलीपट्टणच्या पॉगसन यांना मात्र ती सोडियमच्या जागेवर नेमकी बसत नाही असे वाटले आणि त्यांनी तशी नोंद केली.

लंडनला लॉकयर स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते. ग्रहण नसतानाही सौरज्वालांच्या रेघा दिसायला हव्यात, हा त्यांचा तर्क दोन वर्षे जुना होता. सरकारी अनुदानातून करायला टाकलेला वर्णपटदर्शक कारागिराने उशिरा दिला. तो १६ ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांच्या हाती आला आणि चार दिवसांनी, २० ऑक्टोबरला, त्यांना लंडनच्या आकाशात त्या रेघा दिसल्या. जान्सेन यांचे भारतातून निघालेले पत्र आणि लॉकयर यांची बातमी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, वाचली गेली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे मुखवटे शेजारी शेजारी कोरलेले पदक पाडले.

आता ग्रहणाची घाई नव्हती. लॉकयर यांनी ती पिवळी रेघ शांतपणे मोजली. सोडियमच्या दोन रेघा आजच्या मापात ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर पडतात, ही ५८७.६ वर. फरक दीड नॅनोमीटरहूनही कमी, पण तो खरा होता. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्याबरोबर लॉकयर यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजन वेगवेगळ्या दाबांत आणि तापमानांत तापवून पाहिला. तो काही केल्या तशी रेघ देईना. सूर्यावर एखादे नवे द्रव्य असले पाहिजे, इथवर विचार पोचला. १८७१ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी एका जाहीर भाषणात त्याचे हेलियम हे नाव सांगितले. पृथ्वीवर ज्याचा एक कणही कोणी पाहिलेला नाही अशा मूलद्रव्यावर रसायनशास्त्रज्ञांनी विश्वास ठेवला नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही.

त्याच वर्षी लॉकयर पहिल्यांदा भारतात आले. १२ डिसेंबर १८७१ चे खग्रास ग्रहण त्यांनी मलबार किनाऱ्यावरच्या बेकल किल्ल्यातून पाहिले. तोही पश्चिम समुद्रावरचाच किल्ला. विजयदुर्गाच्या आधी सव्वीस वर्षे.

मधल्या काळात लॉकयर यांना एका कोड्याने पछाडले. प्रयोगशाळेत लोखंडाची वाफ विजेच्या कमानीत तापवली तर एक प्रकारच्या रेघा मिळत. त्याहून प्रखर अशा विजेच्या ठिणगीत तापवली तर काही रेघा फिक्या पडत आणि दुसऱ्याच काही रेघा जोर धरत. लोखंड तेच. मग रेघा का बदलाव्यात? लॉकयर यांनी पदार्थाच्या नेहमीच्या अवस्थांवरून पुढे तर्क चालवला. बर्फाला उष्णता दिली की पाणी होते, पाण्याची वाफ होते, वाफ आणखी तापवली की तिचे रेणू फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतात. मग त्यापुढे उष्णता थांबेल कशाला? मूलद्रव्येही फुटत असली पाहिजेत. सूर्याच्या आणि ताऱ्यांच्या तापमानात लोखंडाचे लोखंडपण टिकत नसेल, त्याचे अधिक साधे असे काही घटक होत असतील, असे त्यांनी १८७८ पासून मांडायला सुरुवात केली.

अणू म्हणजे अविभाज्य, हे रसायनशास्त्राचे तेव्हाचे बीजसूत्र. लॉकयर यांच्यावर कडाडून टीका झाली आणि तिच्यातला काही भाग रास्तच होता, कारण ज्या रेघांच्या आधारावर ते बोलत त्यातल्या काही अशुद्ध नमुन्यांमुळे पडलेल्या निघाल्या. माणूस हट्टी होता. १८६९ साली त्यांनीच सुरू केलेले ‘नेचर’ हे साप्ताहिक ते चालवत होते आणि आपला मुद्दा सोडत नव्हते.

१८९५ च्या मार्चमध्ये लंडनला विल्यम रॅमसे यांनी क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून एक वायू काढला. त्याच्या वर्णपटात ती पिवळी रेघ होती. सूर्यावरचा हेलियम सत्तावीस वर्षांनी काचेच्या नळीत उतरला. हवेच्या साधारण सातव्या हिश्शाची घनता, कशाशीही संयोग न पावणारा, हायड्रोजन सोडला तर सर्वांत हलका वायू. लॉकयर यांचा एक दावा खरा ठरला होता. दुसरा, उष्णतेने मूलद्रव्य फुटण्याचा, अजून अधांतरी होता. त्यासाठी त्यांना सूर्याच्या कडेचा, प्रकाशावरणाच्या (म्हणजे सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठाच्या) लगतच्या पातळ तप्त थराचा वर्णपट छायाचित्रात हवा होता. तो थर खग्रास ग्रहणाच्या सुरुवातीला आणि शेवटी एखाद-दोन सेकंदच उघडा पडतो.

पुढचे सोयीचे ग्रहण होते २२ जानेवारी १८९८ चे. त्याचा पट्टा मराठी मुलुखाच्या अंगावरूनच गेला: विजयदुर्गाच्या परिसरात किनारा गाठून तो सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातील जेऊरवरून वऱ्हाड-नागपूरकडे आणि पुढे बक्सरपर्यंत. जानेवारी असल्याने आकाश निरभ्र असणार हे जवळजवळ नक्की होते. जगभरचे ज्योतिर्विद इथे लोटले. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल आले. पुलगावला न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स होते. वऱ्हाडातल्या तळणीला एडवर्ड आणि ॲनी माँडर हे दांपत्य आणि जॉन एव्हरशेड यांनी मुक्काम ठोकला. ॲनीबाईंनी तिथे टिपलेल्या, सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाच्या एका लांबच लांब शलाकेचे छायाचित्र पुढे गाजले. काळ मात्र वाईट होता. मुंबई-पुण्यात प्लेगने घरे ओस पाडली होती. प्लेग अधिकारी रँडच्या वधाला जेमतेम सात महिने झाले होते आणि टिळक राजद्रोहाची शिक्षा भोगत होते.

लॉकयर यांनी विजयदुर्ग निवडला यामागे त्यांची एक ठरलेली पद्धत होती. मोठी ग्रहणमोहीम आरमाराच्या मदतीने काढायची, म्हणजे जहाजावरचे शेकडो शिस्तबद्ध हात कामाला येतात. दोन वर्षांपूर्वी नॉर्वेच्या किनाऱ्यावर त्यांनी असेच केले होते, पण तिथे ढगांनी घात केला. त्यासाठी मोठे जहाज आत येऊन नांगर टाकू शकेल असे बंदर हवे, आणि ते ग्रहणाच्या मध्यरेषेजवळ हवे. वाघोटण खाडीचे मुख दोन्ही अटींना उतरले. ‘मेल्पोमिनी’ ही ब्रिटिश युद्धनौका कॅप्टन चिझम बॅटन यांच्या हुकमतीखाली तिथे आली. ज्या पाण्यात फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, त्याच पाण्यात एका ब्रिटिश लढाऊ जहाजाचे खलाशी आता लोलक आणि काचेच्या पट्ट्या जपून किनाऱ्याला उतरवत होते.

पथकात दोन माणसे अशी होती की त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. एक, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर पेडलर. दुसरे, लॉकयर यांचे सहायक अल्फ्रेड फाउलर. फाउलर यांचा जन्मच १८६८ चा, हेलियमच्या ग्रहणाच्या वर्षातला. विजयदुर्गावर ते एकोणतिशीत होते.

पथकाच्या मुख्य हत्याराला लोलक-कॅमेरा म्हणता येईल. नेहमीच्या वर्णपटदर्शकात प्रकाश अरुंद चिरेतून आत घेतात, म्हणून रेघा सरळ उभ्या पडतात. इथे चीरच नाही. भिंगापुढे थेट मोठा लोलक बसवायचा आणि ग्रहणातल्या सूर्याकडे रोखायचा. चंद्राने सूर्य जवळजवळ झाकला की उरते ती नखाच्या कडेएवढी बारीक सूर्यकोर. तीच चिरेचे काम करते. लोलक त्या कोरीच्या रंगागणिक वेगळ्या प्रतिमा पाडतो. मग काचेवर सरळ रेघांऐवजी कमानी उमटतात, एकेका वायूच्या एकेका रंगाची एकेक कमान. आणि या कमानींची लांबीही बोलते. जो वायू सूर्याच्या पृष्ठापासून उंचापर्यंत पसरला आहे त्याची कमान लांब येते, कारण चंद्राच्या कडेआडून तो अधिक लांबवर डोकावतो. जो खालच्या दाट थरातच आहे त्याची कमान आखूड. कोणते द्रव्य किती उंचीवर आहे, हे एका काचेवर मोजता येते. हायड्रोजन आणि हेलियम उंच. कॅल्शियम, हलक्या मूलद्रव्यांहून कितीतरी जड असूनही, त्याहून उंच. हे कोडेच होते. जड वायू वर कसा?

यंत्रे भक्कम जमिनीवर हवीत, म्हणून त्यांच्यासाठी दगडी बैठका बांधायच्या, ही अशा मोहिमांची नेहमीची रीत. किल्ल्यातल्या कट्ट्यांची सांगड या मुक्कामाशीच बसते. पुढचे दिवस कवायतीचे. खग्रास अवस्था मिळणार होती सुमारे दोन मिनिटे. तेवढ्यात काचा बदलायच्या, झाकणे उघडायची-मिटायची, उरलेले सेकंद मोठ्याने म्हणायचे. कोणी प्रभामंडलाचे चित्र काढायचे, कोणी कोणते तारे दिसले ते टिपायचे, कोणी हवेचे तापमान वाचायचे. खलाशांच्या टोळ्या पाडून प्रत्येकीला एकच काम दिले गेले आणि हुकमासरशी हात आपोआप चालेपर्यंत ते पुन्हा पुन्हा करून घेतले गेले. जड तोफा चालवणाऱ्या माणसांकडून हे काम करून घ्यायची लॉकयर यांची कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. विज्ञानाला त्या दोन मिनिटांत विद्वत्तेपेक्षा न बिचकणारे हात हवे होते.

तो शनिवार होता, शके १८१९ च्या पौषातली अमावास्या. किनाऱ्यावरच्या घरांतून वेध पाळायचे, पाण्यात तुळशीचे पान टाकायचे, गरोदर बायांनी विळीला हात लावायचा नाही, स्पर्शाचे आणि मोक्षाचे स्नान करायचे, अशी कोकणातली रीत. आणि ग्रहणाचा स्पर्श-मोक्ष पंचांगातून पाहायचा. त्याच विषयावर मुरूडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा थोर ग्रंथ दोनच वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाला होता. हा कोकणचा पंडित या ग्रहणानंतर तीन महिन्यांतच गेला.

दुपारी, भर उन्हात, अंधारून आले. आकाश स्वच्छ होते. शेवटची कोर फुटून विझण्याच्या क्षणी लोलकातला सलग सप्तरंगी पट्टा गेला आणि त्याच्या जागी शेकडो चमकत्या कमानी झळकल्या. याला ज्योतिर्विद झळक वर्णपट म्हणतात. प्रकाशावरणाच्या दाट थराचा सलग पट्टा जाऊन विरळ वायूच्या सुट्या रेघा येतात, तोच हा पालट. सूर्य स्वतः आपल्या दाट आणि विरळ भागांमधली सीमा दाखवतो. ते क्षण काचेवर उतरले. मग प्रभामंडल, मग दुसऱ्या कडेला पुन्हा तीच झळक, आणि ऊन परतले.

त्याच वेळी जेऊरला एक भारतीय वेधकरी काम करत होता. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभी राहिलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा ते चालवत. त्यांनीही झळक वर्णपट टिपला. आधुनिक सौरविज्ञानात महाराष्ट्रातल्या माणसाने, महाराष्ट्राच्या भूमीवर, स्वतःच्या उपकरणांनी केलेले हे काम विजयदुर्गाच्या शेजारी मानाने मांडायला हवे. ते फार कमी वेळा सांगितले जाते.

विजयदुर्गाचा अहवाल लॉकयर, चिझम बॅटन आणि पेडलर यांच्या नावाने लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली: सूर्याच्या कडेच्या थरात लोखंडासारख्या धातूंच्या ज्या रेघा जोरकस होत्या त्यांत ठिणगीत बळावणाऱ्या रेघा ठळकपणे होत्या. प्रकाशावरणाच्या वरचा विरळ थर जास्त तप्त स्थितीतला पदार्थ दाखवत होता. दुसरी: प्रभामंडलातली एक हिरवी रेघ. ती १८६९ मध्ये अमेरिकेतल्या ग्रहणात सापडली होती आणि लोखंडाच्या एका ओळखीच्या रेघेशी जुळते असे सगळे मानत आले होते. १८९८ साली भारतात घेतलेल्या छायाचित्रांवरून मोजले तर ती तिथे नव्हतीच. तिची खरी जागा ५३०.३ नॅनोमीटर निघाली. तिथे कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याची रेघ पडत नव्हती. हेलियमसारखेच हेही सूर्यावरचे नवे द्रव्य असेल म्हणून ‘कोरोनियम’ हे नाव चालत राहिले.

लॉकयर यांनी १९०० साली आपला सगळा युक्तिवाद पुस्तकात मांडला. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८९७ मध्ये, जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला होता आणि अणू फुटू शकतो ही गोष्ट आता हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. तरी फुटतो म्हणजे नेमके काय होते आणि किती उष्णतेला किती अणू फुटतात, याचा हिशेब लॉकयर यांच्याकडे नव्हता.

इकडे हेलियमवर उलट दिशेने प्रयोग चालू होते. उष्णता काढून घेत गेले तर? हवा, ऑक्सिजन, हायड्रोजन सगळे वायू द्रव झाले होते, हा एकटा दाद देत नव्हता. १० जुलै १९०८ रोजी हॉलंडमधल्या लायडनला कामरलिंग ऑनेस यांनी तो उणे २६९ अंश सेल्सियसला द्रव केला; दिवसभराच्या कामानंतर हाती आला साठ घनसेंटिमीटर, म्हणजे चहाच्या लहान कपाएवढा. त्याला आणखी थंड करून गोठवायला गेले तर गोठेना. नेहमीच्या दाबाखाली हेलियम कितीही थंड केला तरी घन होत नाही. १९२६ मध्ये केसॉम यांनी त्याला घन केले, तेही साधारण पंचवीस वातावरणांचा दाब देऊन. आणि निरपेक्ष शून्याच्या वर २.१७ अंशांखाली तो कसल्याही घर्षणाविना वाहू लागतो, ही बातमी मॉस्कोचे कपित्सा आणि केंब्रिजचे ॲलन व मायझनर यांनी जानेवारी १९३८ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दिली. पदार्थाच्या अवस्थांचा शाळेत शिकवला जाणारा घन-द्रव-वायू हा क्रम या एका मूलद्रव्याने थंड टोकाला अपुरा ठरवला.

तापमानाच्या वरच्या टोकाचा हिशेब कलकत्त्याहून आला. पेडलर यांचे शिष्य प्रफुल्लचंद्र रे. रे यांचे प्रेसिडेन्सी कॉलेजातले विद्यार्थी मेघनाद साहा. विजयदुर्गाच्या ग्रहणाच्या वेळी साहा चार वर्षांचे होते. १९२० साली त्यांनी एक सूत्र मांडले. पाण्याची वाफ होते किंवा रेणू फुटतो तेव्हा उष्णता, दाब आणि लागणारी ऊर्जा यांचा जो हिशेब रसायनशास्त्रात करतात, तोच त्यांनी अणूला लावला. अणूतून एक इलेक्ट्रॉन निघून जाणे हीदेखील एक प्रकारची अवस्थाबदलाची क्रिया आहे, तिला तापमान जेवढे कारण तेवढीच घनताही. वायू विरळ असेल तर सुटलेल्या इलेक्ट्रॉनला परत अणू गाठायला वेळ लागतो. म्हणून त्याच तापमानातही विरळ वायूत अधिक अणू इलेक्ट्रॉन गमावलेल्या स्थितीत सापडतात. ठिणगीत बळावणाऱ्या लॉकयर यांच्या रेघा अशा आयनांच्या होत्या. सूर्याच्या वरच्या, विरळ थरात त्या का ठळक होतात, हे त्या एका सूत्रातून निघाले. उंच चढलेल्या कॅल्शियमच्या लांब कमानी आयन झालेल्या कॅल्शियमच्या होत्या. हेलियमच्या अणूला उद्दीपित करायला फार मोठी ऊर्जा लागते; सूर्याच्या साडेपाच हजार अंशांच्या पृष्ठभागावर तो गप्प राहतो, म्हणून नेहमीच्या सूर्यप्रकाशाच्या काळ्या रेघांत त्याचा माग लागत नाही आणि कडेच्या तप्त थरात व सौरज्वालांत मात्र ती पिवळी रेघ झळकते. सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे चौथा हिस्सा हेलियम असूनही ग्रहणाची वाट पाहावी लागली ती यामुळे.

साहांचा तो निबंध ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’च्या ऑक्टोबर १९२० च्या अंकात आला. लॉकयर १६ ऑगस्टला, दोनच महिने आधी, वारले होते. मूलद्रव्ये उष्णतेने साध्या घटकांत फुटतात हे त्यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले नाही. लोखंड आपले इलेक्ट्रॉन गमावते, पण त्याचे केंद्रक लोखंडाचेच राहते. रेघा बदलतात त्या तापमान आणि दाबाने अणूची स्थिती बदलते म्हणून, हा गाभा मात्र त्यांचा होता. त्या सालाच्या शेवटी साहा लंडनला गेले आणि इंपीरियल कॉलेजात काम करू लागले ते अल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत. बावीस वर्षांपूर्वी विजयदुर्गावर लोलक-कॅमेऱ्यामागे उभा असलेला हा माणूस आता वर्णपटांचा जगातला पहिल्या प्रतीचा जाणकार होता. ताऱ्यांच्या वर्णपटांची माहिती साहांना तिथे मिळाली, आणि ताऱ्यांचे तापमान त्यांच्या रेघांवरून ओळखण्याचा त्यांचा निबंध १९२१ मध्ये फाउलर यांनीच रॉयल सोसायटीपुढे ठेवला.

हिरव्या रेघेचा उलगडा व्हायला आणखी दोन दशके लागली. १९४० च्या सुमारास जर्मनीचे ग्रोट्रियान आणि स्वीडनचे बेंग्ट एडलेन यांनी दाखवले की प्रभामंडलातल्या त्या गूढ रेघा कोणत्याही नव्या मूलद्रव्याच्या नाहीत. ५३०.३ नॅनोमीटरची रेघ लोखंडाचीच होती, पण २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. इतके इलेक्ट्रॉन उडायला दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते. आणि अशा अणूने ती रेघ सोडण्यासाठी वायू इतका विरळ हवा की एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत अणूला भरपूर उसंत मिळावी. प्रयोगशाळेतल्या पोकळीतही तेवढी विरळता साधत नव्हती, म्हणून ती रेघ पृथ्वीवरच्या कोणत्याही कमानीत किंवा ठिणगीत कोणाला सापडली नव्हती.